अडीच फुटांची वाट

कुर्डुवाडीच्या स्थानकात एके काळी दोन मालगाड्या शेजारी शेजारी उभ्या असत आणि त्यांची उंची जुळत नसे. एका बाजूला मुंबई-मद्रास मार्गावरची, साडेपाच फुटी रुळांवरची मोठी गाडी. दुसऱ्या बाजूला अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइट. मधल्या जागेत हमालांची ये-जा चाले. कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती छोट्या वाघिणीतून उतरत, पाठीवरून चार पावलं जात आणि मोठ्या वाघिणीत चढत. मुंबईहून आलेला माल तशाच पाठीवरून उलटा छोट्या गाडीत जाई. रुळांच्या रुंदीतला तीन फुटांचा फरक या माणसांच्या मणक्यांनी भरून काढला. रेल्वेचा इतिहास लिहिताना इंजिनांची नावं आणि पुलांची लांबी आवर्जून येते. या चार पावलांची नोंद मात्र सहसा कुठे सापडत नाही.

कुर्डुवाडीच्या स्थानकाचं जुनं नाव बार्शी रोड. १८६० मध्ये मुंबईहून आलेली गाडी सोलापूरला पोहोचली, तेव्हा वाटेतल्या बार्शीला तिने बगल दिली होती. बार्शी राहिली रुळांपासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर. आणि बार्शी काही आडबाजूचं खेडं नव्हतं. पलीकडे निजामाचा मुलूख. बालाघाटाच्या रांगा उतरून मराठवाड्यातला कापूस आणि धान्य बैलगाड्यांनी बार्शीच्या पेठेत येई. भगवंताच्या देवळाभोवती वाढलेलं हे गाव व्यापाऱ्यांच्या वह्यांमध्ये मोठं होतं, पण आगगाडीच्या नकाशावर ते केवळ एका स्थानकाच्या नावापुरतं उरलं होतं. माल बार्शीहून पुन्हा बैलगाडीत चढायचा आणि धुळीच्या वाटेने बार्शी रोड गाठायचा. पावसाळ्यात त्या काळ्या जमिनीत चाक रुतलं की काय होतं, हे त्या भागातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

या वाटेकडे ज्याचं लक्ष गेलं तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता. १८५७ चा जन्म. इंग्लंडात क्रूच्या कारखान्यात इंजिनांचं काम शिकून तो १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे आपल्या जुन्या जीआयपीत, इंजिनांचा निरीक्षक म्हणून आला. बार्शीची गाडी सुरू व्हायला त्यानंतर पंधरा वर्षं लागली. मधल्या काळात सरकारशी बोलणी, परवानग्या आणि भांडवलाची जमवाजमव चालली होती. बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली ती १८९५ मध्ये.

कॅलथ्रॉपचा विचार मुळात वजनाचा होता. छोट्या रुळांची गाडी म्हणजे मोठ्या गाडीची कमजोर आवृत्ती, असंच त्या काळी धरून चालत. त्याने प्रश्न दुसऱ्या टोकाने घेतला. रूळ मोडतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे, एका आसावर पडणाऱ्या भाराने. मग इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. हा एक नियम पाळला की यार्डाला तीस पौंडांचा हलका रूळ पुरतो. आजच्या मोठ्या मार्गावर मीटरला साठ किलोंचा रूळ असतो. बार्शी लाइटचा रूळ त्याच्या जेमतेम चौथ्या हिश्शाचा. रूळ हलका, म्हणून पूल हलके, भराव कमी, खर्च कमी. ज्या मुलखाला मोठी गाडी कधीच परवडली नसती, त्या मुलखाला गाडी मिळाली.

इंजिनं लीड्सच्या किट्सन कंपनीने घडवली. भार वाटला जावा म्हणून त्यांना आठ जोडचाकं आणि मागे आणखी चार लहान चाकं. वाघिणी दाबून घडवलेल्या पोलादाच्या, सगळ्या पंचवीस फुटी साच्यातल्या. जहाजावर चढण्याआधी हे सगळं सामान लीड्सजवळच्या न्यूले इथे तात्पुरत्या रुळांवर चालवून लोकांना दाखवलं गेलं. बार्शीच्या कापसासाठी घडवलेली गाडी आधी यॉर्कशरच्या हवेत धावली होती.

१८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. तो काळ सुखाचा नव्हता. १८९६-९७ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याला जाळत होता. त्याआधीचा, १८७६ ते ७८ चा दुष्काळ म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत अजून ताजा होता. या मुलखात पाऊस आणि गाडी यांच्या कथा वेगळ्या करता येत नाहीत. पाऊस झाला तर गाडीला माल मिळायचा. नाही झाला तर त्याच गाडीने माणसं पोटासाठी बाहेर पडायची.

पुढे रूळ दोन दिशांना वाढले. एक फाटा पंढरपूरला गेला आणि बार्शी लाइट वारकऱ्यांची झाली. त्याआधी रेल्वेने येणारा यात्रेकरू बार्शी रोडला उतरायचा आणि पुढचे पन्नासेक किलोमीटर बैलगाडीने किंवा पायी जायचा. आषाढी-कार्तिकीला या छोट्या गाडीच्या डब्यांवर, टपावर, दारात, जिथे हात धरायला जागा मिळेल तिथे माणसं असत. पाच टनांचा नियम कागदावर काटेकोर होता. एकादशीच्या गर्दीपुढे त्याचं काय होत असेल, याची कल्पना त्या काळातल्या छायाचित्रांवरून येते. तोंडात विठ्ठलाचं नाव, डोक्यावर गाठोडं, आणि खाली हलक्या रुळांवरून सावकाश जाणारी लहान गाडी. पालखीबरोबर पायी चालणाऱ्यांची वारी साहित्यात पुष्कळ आली. टपावर बसून गेलेल्यांची वारीही तेवढीच खरी होती, कारण त्यांतल्या कितीकांना शेतीच्या कामातून पंधरा-वीस दिवस काढणं शक्यच नव्हतं.

दुसरा फाटा पूर्वेला निघाला. येडशीजवळच्या रामलिंगच्या घाटातून तो वर चढला, तडवळ्याला पोहोचला आणि १९११ मध्ये लातूरला टेकला. इंग्रजी अमलातून निजामाच्या राज्यात जाणारी ही वाट होती. लातूरच्या बाजाराचा पुढचा विस्तार या रुळांना धरून झाला. वाटेतल्या कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. निजामाच्या राज्याच्या कडेचं हे गाव अशा परिषदेचं ठिकाण व्हावं, यामागे माणसांचा निर्धार होता. पण दूरदूरची माणसं एका जागी जमायची तर पोहोचण्याची सोय लागते, आणि त्या परिसरात आगगाडी होती ती हीच. व्यापारासाठी टाकलेल्या रुळांवरून विचारही प्रवास करतात, आणि त्यांचं भाडं कंपनीच्या जमाखर्चात कधी दिसत नाही.

पंढरपूरच्या पुढे सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ अशी कोरड्या रानांतली स्थानकं घेत रूळ १९२७ मध्ये मिरजेला पोहोचले. लातूर ते मिरज, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासची ही वाट. मार्च १९२७ मध्येच इंग्लंडात कॅलथ्रॉप वारला.

हा माणूस रेल्वेवरच थांबणारा नव्हता. रोल्स-रॉइसमधला रोल्स त्याचा मित्र. १९१० मध्ये रोल्स विमान कोसळून मेला. त्यानंतर कॅलथ्रॉपने वैमानिकाचा जीव वाचवणाऱ्या पॅराशूटचा ध्यास घेतला. ‘गार्डियन एंजल’ नावाचं त्याचं पॅराशूट पहिल्या महायुद्धात शत्रूच्या हद्दीत हेर उतरवायला वापरलं गेलं. लढणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांना मात्र युद्ध चालू असताना पॅराशूट मिळालं नाही. तो अरबी घोडे वाढवायचा. घोड्याला सोबती मानून, माया लावून कसं शिकवावं यावर त्याने १९२० मध्ये पुस्तक लिहिलं. आसावरचा भार मोजणारा, पडणाऱ्या माणसाला अलगद खाली आणू पाहणारा आणि घोड्याच्या तोंडातला लगाम सैल ठेवणारा माणूस एकच होता, हे कळल्यावर बार्शी लाइटकडे पाहण्याची नजर थोडी बदलते. भार कमी कसा करावा, हा एकच प्रश्न तो वेगवेगळ्या जागी विचारत राहिला, असं वाटतं.

बार्शीचं यश त्याच्या देशातही पोहोचलं. इंग्लंडच्या मधोमध स्टॅफर्डशर परगणा आहे. त्याच्या उत्तरेला चुनखडीच्या डोंगरांतून मॅनिफोल्ड नावाची नदी वाहते. उन्हाळ्यात पाऊस कमी झाला की वेटन मिलपाशी ही नदी जमिनीतल्या भेगांमध्ये उतरते आणि पुढचं पात्र कोरडं पडतं. खोऱ्यात दुभती जनावरं, विरळ वस्ती, एक्टनच्या तांब्याच्या जुन्या खाणी. मोठी रेल्वे इथे कधी आली नसती. १८९६ मध्ये इंग्लंडात हलक्या रेल्वेचा कायदा झाला आणि असे आडबाजूचे परगणे गाडीची स्वप्नं पाहू लागले. मॅनिफोल्डच्या रेल्वेसाठी अभियंता नेमला गेला तो कॅलथ्रॉप. २७ जून १९०४ रोजी वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड ही आठ मैलांची रेल्वे सुरू झाली. रुंदी तीच, अडीच फूट. इंजिनं लीड्सच्या किट्सनचीच. दोनच इंजिनं होती. एकाचं नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’, दुसऱ्याचं जागेवरचा अभियंता ‘जे. बी. अर्ल’ याच्यावरून. पुढे भला मोठा दिवा, डब्यांना टोकाशी उघडे सज्जे, रंग फिकट पिवळा. स्टॅफर्डशरच्या ओल्या हिरव्या कुरणांत ही गाडी परदेशी पाहुणीसारखी दिसायची, कारण तिचा घाट सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हासाठी ठरला होता.

वसाहतीतून मायदेशी काय गेलं, याची यादी करताना कापूस, चहा, मसाले आठवतात. एखाद्या रेल्वेचा नमुना दुष्काळी महाराष्ट्रातून इंग्लंडच्या परगण्यात गेला, ही गोष्ट त्या यादीत क्वचितच येते.

कुर्डुवाडीला जे काम हमालांच्या पाठीवर होतं, त्याला मॅनिफोल्डच्या खोऱ्यात एक वेगळं उत्तर मिळालं. तिथे मोठ्या रुळांवरची अख्खी वाघीणच छोट्या रुळांवरच्या खास चौकटीच्या गाडीवर चढवत आणि तशीच खोऱ्यात नेत. स्थानकांवर तिला उतरवून ठेवायला मोठ्या रुंदीचे आखूड रूळ टाकलेले असत. एक्टनच्या दूधकेंद्रातून दूध असंच बाहेर पडे.

ह्यूम एंडच्या अलीकडे स्वेन्सली इथे या मार्गावरचा एकुलता एक बोगदा आहे. जवळच्या हवेलीतून गाडी दिसू नये म्हणून तो खोदला, असं तिथे सांगतात. हवेली सर टॉमस वॉर्डल यांची. लीक गावातले हे रेशीम रंगवणारे कारखानदार. भारतातल्या रानटी रेशमाचा, टसरचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. इंग्रजी कारखान्यांत न रंगणारा टसर रंगवून दाखवला आणि १८८५ च्या सुमारास त्यासाठी भारतात येऊनही गेले. भंडारा-गडचिरोलीच्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर जो कोश वाढतो, त्या जातीच्या धाग्याचा ध्यास घेतलेला माणूस आणि बार्शीच्या घाटाची गाडी एकाच खोऱ्यात यावेत, हे कुणी ठरवून झालं नव्हतं. स्थानिक इतिहासात असे धागे पुष्कळ असतात. गाव लहान म्हणून त्याचं जग लहान असतं असं नाही.

मॅनिफोल्डची गाडी तीस वर्षंही टिकली नाही. स्थानकं नदीकाठी खाली, गावं डोंगरावर. मोटारी आल्या, दूधकेंद्र बंद झालं, आणि १२ मार्च १९३४ रोजी गाडी थांबली. रूळ उखडले, दोन्ही इंजिनं भंगारात गेली. पण रेल्वे कंपनीने उरलेली वाट स्टॅफर्डशरच्या परगणा परिषदेला दिली आणि १९३७ मध्ये ती पायी चालणाऱ्यांसाठी खुली झाली. आज तिथे सायकली जातात, लहान मुलांना ढकलगाडीतून नेतात, ‘थॉर’च्या गुहेखाली थांबून लोक वर बघतात. ह्यूम एंडच्या जुन्या तिकीटघरात माहितीकेंद्र आहे. तीस वर्षंही न चाललेली ती गाडी थांबल्याला नव्वदहून जास्त वर्षं झाली, आणि परगण्याने तिची वाट जपली.

बार्शी लाइटचं नशीब याच्या उलट. ती थांबली नाही. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी लोकांच्या तोंडी नाव जुनंच राहिलं. वाफेची जागा डिझेलने घेतली. नॅरोगेज म्हटलं की चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढण्याच्या गोष्टी आजही निघतात. त्या गोष्टींत माया आहे. पण शंभर वर्षं त्या गाडीने काय ओढलं, याचा हिशेब त्यांत येत नाही. मग रुंदीकरण आलं. या शतकाच्या सुरुवातीला पंढरपूरचा मार्ग मोठा झाला. २००७ आणि २००८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी पुरा झाला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मिरजही जोडली गेली. नव्या आखणीत मार्ग वळवून उस्मानाबादला, आजच्या धाराशिवला नेला. जुन्या गाडीने या जिल्ह्याच्या गावाला शंभर वर्षं बाजूला ठेवलं होतं. येडशीला उतरून पुढे रस्ता धरावा लागे.

रुंदीकरणाबद्दल हळहळणाऱ्याने एप्रिल २०१६ आठवावा. लातूर शहराचे नळ कोरडे पडले होते. घागरींच्या रांगांवरून भांडणं होऊ नयेत म्हणून पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हा मिरजेत कृष्णेचं पाणी भरून दहा वाघिणींची गाडी निघाली. तिला नाव मिळालं ‘जलदूत’. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत १२ एप्रिलला ती लातूरला पोहोचली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या. एकेकीत पंचवीस लाख लिटर. धाराशिवकडचं वळण सोडलं तर मार्ग तोच, १९२७ मध्ये पुरा झालेला: मिरज ते लातूर.

आता वजनाचा हिशेब पाहावा. जलदूतच्या एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन नुसतं पाणी. बार्शी लाइटच्या चार आसांच्या वाघिणीला स्वतःच्या वजनासकट वीस टनांची मर्यादा. ते पाणी जुन्या रुळांवरून एवढ्या प्रमाणात जाऊच शकलं नसतं. पाच टनांच्या संयमाने या मुलखात गाडी आणली. तो संयम सोडल्यावर त्याच वाटेने पाणी आलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एक मान्य करण्यासाठी दुसरी नाकारावी लागत नाही.

तरीही मागे काही उरतंच. धाराशिवकडे वळलेल्या नव्या मार्गाने रामलिंगच्या घाटातली जुनी वाट सोडून दिली. मोरांच्या आणि माकडांच्या त्या रानात, देवळाला जाणाऱ्या भाविकांच्या आजूबाजूला, गेल्या शतकातल्या रेल्वेच्या खुणा आहेत. त्या वाटेवर लोकांनी चालत जावं, घाटात गाडी कशी चढायची हे मुलांनी तिथे उभं राहून समजून घ्यावं, असं वाटणं स्वाभाविक आहे. माथेरानच्या छोट्या गाडीला पर्यटकांनी तारलं. विदर्भात ‘शकुंतला’ या छोट्या गाडीसाठी लोक अजून भांडतात. बार्शी लाइटसाठी भांडावं असं काही राहिलं नाही, कारण तिच्या जागी चांगली गाडी आली. उरला तो वारसा, आणि त्याला मालक नाही.

तो कुणाचा म्हणावा, हे मात्र एका उत्तरात बसत नाही. बार्शीच्या अडत्याकडे जुन्या वह्या असतील तर त्यांत तो आहे. टपावर बसून पंढरपूरला गेलेल्या आजीच्या नातवंडांकडे आहे. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये तीन-तीन पिढ्या काम केलेल्या घरांत आहे. रामलिंगला उद्या फलक लागला आणि वाट मोकळी झाली, तर त्यावर कॅलथ्रॉपचं नाव येईल, किट्सनचं येईल. कुर्डुवाडीच्या हमालांबद्दल त्यावर काय लिहायचं? आणि ज्याच्या गावाला ही गाडी शंभर वर्षं शिवलीच नाही, त्या धाराशिवकराला तो फलक वाचून काय वाटावं?